फँटसी कादंबऱ्यांतल्या पात्रांची नावं कुठून येतात? मराठीत लिहायचं तर कुठे शोधावीत?

बहुतेक जुन्या पुराणकथांतून उचललेली असतात. टॉल्किनच्या 'द हॉबिट'मधली (१९३७) थोरिन, फिली, किली, बोंबुर ही बुटक्यांची नावं 'व्होलुस्पा' या आइसलँडमध्ये जपलेल्या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतली. त्याच कादंबरीतला जादूगार गँडाल्फही तिथलाच, पहिल्या मसुद्यात तर ते नाव बुटक्यांच्या म्होरक्याचं होतं!

मराठीत लिहायचंय ना, मग आइसलँड कशाला, आपलं सातवाहन राजांचं पैठण आहे की. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात एका राजाला सिंहावर बसलेलं पोर सापडतं. तो सिंह म्हणजे शापित यक्ष, नाव सात. सात ज्याचं वाहन तो सातवाहन. इतिहासाला ही फोड पटो न पटो, कादंबरीला झकास. पुढे गुणाढ्य नावाच्या पंडिताला गोष्टी सांगणारा पिशाच भेटतो, काणभूती. खलनायकाला असं नाव मला तरी सुचलं नसतं.