खानापूरकडच्या आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेच्या बॅनरला तिरका, फ्युचरिस्टिक फॉन्ट चालेल का?

खानापूरकडच्या मंडळाचा बॅनर म्हणताय, तर चालेल. पण फक्त स्पर्धेच्या नावाला. उजवीकडे झुकलेली अक्षरं, चौकोनी वळणं, कापलेली टोकं यांनी वेग जाणवतो, म्हणून रेसिंग, गेम, जर्सी अशा ठिकाणी तो शोभतो. तारीख, ठिकाण, प्रवेश फी मात्र सरळ अक्षरातच ठेवा. बारीक आकारात तिरकं अक्षर चालत्या गाडीवरून वाचता येत नाही.

खरी मेख देवनागरीत आहे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा फॉन्ट ओढून तिरका केला की शिरोरेषा आडवीच राहते, पण वरचा रफार आणि अनुस्वार पुढच्या अक्षरावर सरकतात, गोलाई कुठे जाड कुठे बारीक होते. बेळगावात बॅनर करताना मला हे फार खटकतं. तयार तिरका देवनागरी फॉन्ट नसेल तर ‘बलू’सारखा जाड फॉन्ट घ्या, ८-१० अंशच झुकवा, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टचे सुटे आकार करून) अनुस्वार हाताने जागेवर आणा.

आपल्याकडे बॅनरवर कन्नडही असतं. त्यासाठी त्याच घराण्यातला ‘बलू तम्मा’ घ्या आणि कोन तोच ठेवा, नाहीतर दोन ओळी दोन वेगळ्या बॅनरच्या वाटतात.