बिनकाट्याच्या निवडुंगाची भाजी: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न : चाऱ्यासाठी बांधाला बिनकाट्याचा निवडुंग लावला आहे. त्याची भाजी होते म्हणतात, ते खरे का? कुंपणाच्या जुन्या निवडुंगाची चालेल का? एकरभर लावला तर खपेल का? (माण व आटपाडी भागातील शेतकरी)

उत्तर : भाजी होते. मेक्सिकोत ती रोजच्या जेवणातली आहे आणि तुमचा बिनकाट्याचा निवडुंग मूळचा तिकडचाच. पण आधी झाड ओळखा. कुंपणाला आपण शेर, त्रिधारी, वई निवडुंगही लावतो. त्यांना चिरा दिला की पांढरा चीक येतो. तो विषारी आहे, डोळ्यात गेला तर इजा होते. तुमचा बिनकाट्याचा निवडुंग हा फड्या निवडुंग; ही झाडे त्याच्या कुळातलीही नाहीत. चीक दिसला की ते झाड खाण्यासाठी बाद.

भाजीला कोवळी पाने घ्या. फुटून तीन-चार आठवडे झालेली, वीतभर, नखाने सहज टोचली जाणारी. जून पान जनावरांना ठेवा. तोडणी दुपारी करावी. हे झाड रात्री हवा घेते आणि आंबट द्रव्य साठवते, ते दिवसा उन्हात खर्ची पडते. म्हणून सकाळचे पान जास्त आंबट लागते. आंबट आवडत असेल तर खुशाल सकाळी तोडा.

बिनकाट्याचा म्हटला तरी पानावरच्या डोळ्यांवर, म्हणजे ठिपक्यांवर, केसासारखी बारीक कुसे असतात. हातमोजे घाला, सुरीने कडा आणि डोळे खरवडून काढा, पान धुवा. लांबट काप करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळा आणि पाणी ओतून द्या. भेंडीसारखा बुळबुळीतपणा बराच कमी होतो. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून परता. अंडे फोडून घातले तर फारच छान, मेक्सिकोतही तसे करतात.

फड्याची लाल बोंडे रानात खाल्लेली अनेकांना आठवत असतील. चिमट्याने धरून जाळावर फिरवा, कुसे जळतात. नंतर सोलून रस गाळून घ्या. बिया कठीण असतात, मूठभर गिळल्या तर पोट जड होते. रस प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो फळाचा रंग आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पान बेताने खावे, त्यात ऑक्झलेट असते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. साखर उतरते म्हणून गोळ्या बंद करू नका.

एकरभर मात्र भाजीसाठी लावू नका. आपल्या बाजारात या पानाला अजून ठरलेले गिऱ्हाईक नाही. चाऱ्यासाठी लावा आणि त्यातलीच कोवळी पाने घरी वापरा. लागवडीचे पान सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग एक तृतीयांश भाग मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत रोवा. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात ते कुजते. जनावरांना तुकडे करून कडब्यात मिसळून द्या; नुसता निवडुंग घातला तर शेण पातळ होते.