आकड्यांच्या आधीचे काम

अनेक आशीर्वाद.

ट्यूनाच्या साठ्यांच्या मूल्यमापनावर, म्हणजे समुद्रात हा मासा किती आहे याच्या अंदाजावर, काम करायचे तू ठरवलेस, हे वाचून समाधान वाटले. संगणकावरची प्रारूपे तुला माझ्यापेक्षा चांगली येतात, तेव्हा त्यांविषयी मी काय लिहिणार? लिहितो ते त्यांत भरल्या जाणाऱ्या आकड्यांविषयी.

समुद्रातले मासे कोणी मोजलेले नसतात. हाती येतो तो बोटींचा हिशेब. इतके गळ सोडले, इतके मासे लागले, या प्रमाणावरून साठ्याचा अंदाज बांधण्याची रीत जुनी आहे आणि ती फसवूही शकते. ट्यूना कळपाने राहतो, आणि समुद्रात सोडलेल्या तराफ्यांखाली तो आपण होऊन जमतो. अशा तराफ्याला उपग्रहाशी जोडलेला, प्रतिध्वनीवरून खालचे मासे टिपणारा बोया लावला, की कुठे जाळे टाकायचे ते बोटीला दुरूनच कळते. मग साठा घटत असतानाही दर खेपेची पकड पूर्वीइतकीच राहते आणि आलेख निश्चिंतपणे सपाट दिसतो.

त्याच तराफ्यांखाली स्किपजॅक या जातीच्या ट्यूनासोबत यलोफिन आणि बिगआय या दुसऱ्या दोन जातींची पिल्लेही सापडतात, आणि या दोन जातींची पिल्ले बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. पोट चिरून यकृत पाहिले तर बिगआयच्या यकृताच्या कडेला बारीक रेषा असतात, यलोफिनचे गुळगुळीत असते. मीही सुरुवातीला घाईत सगळ्यांना यलोफिन लिहून मोकळा होत असे. ती चूक पुढे कोणतेही प्रारूप दुरुस्त करत नाही.

बोटींच्या हिशेबावर विसंबायचे नसेल तर काय करता येते, याचे मला सर्वाधिक आवडणारे उदाहरण दक्षिणी ब्लूफिन या ट्यूनाच्या जातीचे आहे. हा मासा जावाच्या दक्षिणेस अंडी घालतो आणि त्याची पिल्ले ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत वाढतात. तेथील शास्त्रज्ञांनी बालीच्या बंदरात उतरवलेले प्रौढ मासे आणि ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन बंदराला आलेली पिल्ले मिळून सुमारे 14,000 माशांच्या ऊतींचे नमुने घेतले, त्यांचा डीएनए पडताळला आणि पालक-अपत्याच्या 45 जोड्या शोधल्या. तर्क सरळ आहे: प्रौढ मासे जितके जास्त, तितकी अशी जोडी सापडण्याची शक्यता कमी. त्यावरून प्रौढांची संख्या काढता आली, आणि त्यात किती गळ टाकले याचा संबंधच नव्हता. बारकाईने पाहिलेस तर यातली कल्पकता गणितात आहे, पण बळ आहे ते बंदरावर वर्षानुवर्षे नमुने कापून लेबल लावणाऱ्यांच्या हातांत.

अंदाज चांगला असला तरी पकडीच्या मर्यादा ठरवणारे लोक तो मानतीलच असे नाही. पण मानला तर मासा सावरतो. पॅसिफिक ब्लूफिनचा अंडी घालणारा साठा एकेकाळी मासेमारीपूर्व पातळीच्या सुमारे 2 टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. पिल्लांच्या पकडीवर कठोर मर्यादा आल्यावर 20 टक्क्यांचे उद्दिष्ट 2034 ही मुदत येण्यापूर्वीच, 2021 मध्ये, गाठले गेले.

म्हणून पहिले वर्ष प्रयोगशाळेत घालवू नकोस. निरीक्षक म्हणून एखाद्या बोटीवर जा, कर्णाश्म, म्हणजे माशाच्या कानातला बारीक खडा, न मोडता काढायला शीक, आणि चाकू स्वतःचा ने. परतल्यावर नोंदवहीची छायाप्रत पाठव. खाडाखोड झालेली पाने मी आधी वाचीन.

तुझा,
जुना मार्गदर्शक