आल्टोतल्या दोघी

मी समुपदेशक. गेल्या काही महिन्यांत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली. ‘प्रार्थनेत मन लागत नाही.’ ‘उपासनेला बसते आणि कोरडीच उठते.’ ‘मुलगा म्हणतो, आई, मला आता आतून काहीच वाटत नाही.’ सगळ्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की माझा विश्वास गेलाय का? आणि गेला असेल, तर दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन मी ढोंग करतेय का?

म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, आणि त्यांना विचारलंय. त्यांना मी सिस्टर म्हणते. मठातल्या सिस्टर नव्हेत, हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, माहेर नगरकडचं, सासर पुण्याचं, आणि चर्चच्या गायकवृंदात वीस-बावीस वर्षं आल्टो, म्हणजे बायकांमधला खालच्या पट्टीतला आवाज.

पहिल्याच दिवशी खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, ‘मॅडम, मी दर रविवारी ढोंग करते.’

‘कसलं?’

‘ओठ हलवते. आवाज काढत नाही.’

‘कुणाला कळत नाही?’

‘शेजारणीला कळतं. ती हल्ली मोठ्यानं गाते.’

हे मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही. तीस वर्षांचा अनुभव म्हणवते आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कानावरून जाऊ दिलं. ते पुढे येईल.

सिस्टरांचे यजमान मूत्रपिंडाच्या आजारानं गेले. अकरा महिने आजारपण चाललं. ‘क्रिएटिनीनचे आकडे मला कळत होते, मॅडम. तरी ग्रुपवर कुणी “चमत्कार होणारच” असं टाकलं की मी खाली आमेन लिहायचे.’ मातीच्या चौथ्या दिवशी ओळखीतल्या एक बाई भेटायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, ‘बघा, कुठंतरी विश्वासच कमी पडला.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘चहा दिला. नंतर बराच वेळ आठवत बसले, साखर घातली होती की नाही.’

आपल्याकडे माणसाच्या विचारातली चूक शोधून ती दुरुस्त करणाऱ्या समुपदेशकांची परंपरा मोठी आहे. मी तिच्यातच शिकले, पण तिच्यात रमले नाही. समोरचा माणूस ‘काहीच वाटत नाही’ म्हणाला की मी आधी राग शोधते. बहुतेकदा तो सापडतो. मात्र ज्याच्यावर असतो त्याच्यावर काढायची सोय नसते, म्हणून माणूस सगळंच वाटणं बंद करून टाकतो.

तिसऱ्या भेटीत मी पुन्हा त्या चहाकडे वळले. कप हातात देताना ओठांवर काय आलं होतं?

‘काही नाही.’

‘आलं असतं तर?’

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘चालता हो माझ्या घरातून.’

आलेल्या पाहुण्या तर बाई होत्या.

‘चालता?’ मी विचारलं.

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आपली भाषा कधी कधी आपल्या आधी खरं बोलून जाते. नुसत्या क्रियापदाच्या लिंगावरून कळलं की बोलणं कुणाशी चाललंय.

‘म्हणजे ज्याला चालता हो म्हणायचंय,’ मी म्हटलं, ‘तो अजून घरात आहे म्हणायचा.’

आधी त्या हसल्या. मग रडल्या, अगदी मोठ्यानं. बाहेर बसलेल्या पुढच्या क्लायंटनं दार किलकिलं करून पाहिलं. हे वाक्य मला ऐनवेळी सुचलं आणि त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. लपवत नाही.

आपण मराठी ख्रिस्ती माणसं देवाशी फार अदबीनं बोलतो. शेजारी जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा हक्कानं भांडतात. आपले कवी नारायण वामन टिळक तर म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण तो पूल ओलांडताना भांडण पलीकडेच ठेवून यायला हवं असं कुणी सांगितलं? आपल्याच बायबलात 88वं स्तोत्र आहे. तक्रारीनं सुरू होतं आणि अंधारात संपतं. शेवटी आशेचं एक कडवंसुद्धा नाही. सिस्टरांना ते घरी वाचायला सांगितलं. पुढच्या वेळी जरा रागानंच म्हणाल्या, ‘हे यांनी आत राहू कसं दिलं?’ राहू दिलं, कारण तीही प्रार्थनाच धरली. वधस्तंभावर खुद्द प्रभूच्या तोंडीही 22व्या स्तोत्रातला ‘तू माझा त्याग का केलास’ हाच प्रश्न आहे.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करते. सुरुवातीच्या वर्षांत दुःखी माणूस समोर आला की मी बायबलातल्या रोमकरांस पत्रातलं 8:28 हे वचन हातावर ठेवायचे, सगळं मिळून कल्याणासाठीच होतं म्हणून. वचन खरं की खोटं हा प्रश्नच नाही. उपाशीपोटी गोळी द्यायची नसते, हे कुठलीही सिस्टर सांगेल. भेटायला जाणाऱ्यांनो, बायबलातल्या सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगलं चाललं होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणू नका, ‘विश्वास ठेवा’ तर नकोच. डबा न्या, बँकेच्या रांगेत उभे राहा, वर्षश्राद्धासारखे मोठे दिवसच नव्हे तर साधा मंगळवारही लक्षात ठेवा.

आणि एक. झोप, भूक पार गेली असेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून नुसती प्रार्थना वाढवू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पाळकसाहेबांनीही तो फोनमध्ये घालून ठेवावा.

पाचव्या भेटीत सिस्टर म्हणाल्या, ‘राग आला, ठीक आहे. पण गाणं अजून येत नाही. गायकवृंद सोडून देते. खोटं किती दिवस करायचं?’ तेव्हा कुठे मला शेजारीण आठवली.

‘ती मोठ्यानं गाते म्हणालात. का गाते?’

‘माझा आवाज नसतो ना. ती भरून काढते.’

एवढं बोलल्या आणि थांबल्या.

माझं लहानपण गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या देवळाच्या घंटा ऐकण्यात गेलं. 1885चं देऊळ, घंटेचा मनोरा बाजूला वेगळा उभा. घंटा एकट्यासाठी वाजत नाही, एवढं तेव्हाही कळायचं. पुढे आपण विश्वास म्हणजे ज्याचं त्याचं बँकेतलं खातं करून टाकलं. शिल्लक संपली की माणूस लाजेनं शाखेतच येईनासा होतो. नायसियाच्या 325 सालच्या धर्मसभेचा मूळ ग्रीक मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, मात्र ‘आम्ही विश्वास धरतो’ असा अनेकवचनी सुरू होतो. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती घ्या. चौघे त्याला उचलून आणतात, छप्पर उसकटतात, बाज खाली सोडतात. येशूनं पाहिला तो ‘त्यांचा’ विश्वास. बाजेवरच्याला हवं तर त्यात धरा, पण तो तोंडातून एक शब्द काढत नाही. त्याला तुम्ही ढोंगी म्हणाल का?

‘म्हणजे मी सध्या बाजेवर?’ सिस्टर म्हणाल्या.

‘आणि आल्टोत एक जण दोरी धरून आहे.’

मी सुचवलं, तिला एकदा विचारा तरी. त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी हृद्य ऐकायला मिळेल. शेजारीण म्हणाली, ‘अगं, आल्टोत आपण दोघीच. एक आवाज पडला की मास्तर माझ्यावरच डोळे काढतात.’

मला हे उत्तर माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा जास्त आवडलं.

भेटी हळूहळू विरळ झाल्या. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झाल्यावर सिस्टर पुन्हा आल्या, नाताळच्या करंज्यांचं सारण करून, हाताला वेलचीचा वास. जरा वैतागलेल्या होत्या.

‘तिचा घसा बसलाय, मॅडम. औषध दिलंय मी. पण या रविवारी ती नुसती ओठ हलवत होती.’

‘मग?’

‘मग काय, गावं लागलं. दोन कडवी. तिसऱ्याला दम संपला.’