घट येत नसतील तर आधी वर काय टांगलंय ते बघा

तुम्ही लिहिलंय की टांगलेली फॅलेनॉप्सिस ऑर्किड छान फुललीये, पण तिच्या खालच्या नेपेंथिसला, म्हणजे किडे खाणाऱ्या घटपर्णीला, चार महिन्यांत एकही घट (पानाच्या टोकाला येणारा, किडे पकडायचा पेला) आला नाही, पानाची शेपटी टोकाला काळी पडते. वाचल्यावर राहवलं नाही. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

मला रोप विकणाऱ्याचं दर वेळी एकच उत्तर: आर्द्रता कमी पडतेय, फवारा मारा. कुंडीत काय जातंय हे त्याने एकदाही विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही. मी फवारे वाढवले, शिवाय दोन्ही झाडांभोवती प्लास्टिक लावलं. हवा खेळेना, ऑर्किडच्या गाभ्यात पाणी साचलं आणि तो कुजला. घट तरीही नाहीतच.

कारण वर होतं. ऑर्किडला दर आठवड्याला खत देत होते आणि त्याचा निथळा थेंबथेंब खालच्या कुंडीतल्या मॉसमध्ये (शेवाळात) पडत होता. मॉसवर पांढरट खर धरली होती. घटपर्णी नायट्रोजन किड्यांतून मिळवते; तिची मुळं निकस जमिनीची. क्षार साचले की मुळं जळतात, आणि मुळातून आयतं खाणं मिळालं तर ती घट करायचंही कमी करते.

कुंडी आजच बाजूला घ्या. मुळं तपासताना रंगावर जाऊ नका, निरोगी मुळंही काळीच असतात. चिमटीत धरल्यावर साल सुटून आली तर ते मूळ मेलं. ताजं स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) घ्या. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५० पीपीएमच्या आत. मात्र बशीत पाणी साचवून ठेवू नका, ते सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाला चालतं, हिला नाही.

काही जण नेपेंथिसच्या मुळांना पातळ खत देतात आणि त्यांची झाडं उत्तम असतात, हे मान्य. तरी माझं ठाम मत, ऑर्किडशेजारी ठेवायची असेल तर तो नाद नको. हवा दोघींना एकच चालते, पाणी नाही.

माझा अनुभव उष्ण सखल भागातल्या संकरित जातीचा आहे. डोंगराळ जातींना रात्री गारवा लागतो, त्यांचं गणित वेगळं. उजेड कमी असला तरी घट येत नाहीत, तेही बघून घ्या.

काळ्या शेपटीच्या पानाला आता घट येणार नाही, पण पान हिरवं असेल तर कापू नका. वाट पुढच्या नव्या पानांची बघा.