प्रोबायोटिक बॅक्टेरिया आतड्याची सूज कशी रोखतात? दही-ताक पुरे की कॅप्सूल घ्यावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, हे चांगले बॅक्टेरिया आतड्याची सूज रोखतात म्हणजे नेमकं करतात काय, आणि तुमच्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार, निघालाय तर त्याला रोजचं दही-ताक पुरे की मेडिकलमधून कॅप्सूल आणावी. मी डॉक्टर नाही बरं का. डेअरीच्या लॅबमध्ये बारा वर्षं काम करते आणि त्यातली नऊ वर्षं हाच आजार सोबत घेऊन करतेय, त्यामुळं दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

आधी आतड्याची भिंत बघा. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, एकच, आणि तोही दर चार-पाच दिवसांनी नवा होत असतो. त्याच्या एका बाजूला अब्जावधी बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला आपल्या इम्युनिटीची फौज कायम तयारीत. अस्तरावर भेंडी चिरताना हाताला लागतं ना तसल्या बुळबुळीत पदार्थाचा थर असतो, म्युकस म्हणतात त्याला. हा थर जाड असला आणि पेशी-पेशींमधले टाके घट्ट असले की बॅक्टेरिया तिकडं आणि फौज इकडं, कुणाचं कुणाशी भांडण नाही. थर पातळ झाला, टाके उसवले की बॅक्टेरिया थेट भिंतीला भिडतात, फौज खवळते आणि मग ती आपलंच अस्तर सोलून काढते. कोलायटिसमध्ये रक्त पडतं ते त्या सोललेल्या जागेतनं.

चांगले बॅक्टेरिया इथं काय करतात तर एक म्हणजे जागा धरतात, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून धरतात तशी, शिवाय लोह वगैरे पोषण आधीच उचलून घेतात, मग वाईट जंतूला बसायला जागा नाही आणि खायलाही नाही. काही जाती अस्तराला म्युकस बनवायला लावतात, टाके घट्ट करतात. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी म्हणून एक जात आहे, ती पी-४० नावाचं एक प्रोटीन सोडते आणि त्यामुळं अस्तराच्या पेशी मरायच्या वाचतात, उंदरांमध्ये यानं कोलायटिस कमी झालेला दिसलाय. आणि काही जाती फौजेतल्या शांत करणाऱ्या पेशींना जागं करतात, टी-रेग म्हणतात त्यांना. घरात भांडण लागल्यावर मध्ये पडणारी एखादी आत्या असते ना, तसलं काम.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट ब्युटिरेटची. आपल्याला न पचणारा फायबर, म्हणजे कोंडा, सालं, डाळी-कडधान्यातला, तो मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातनं हे छोटं फॅटी अ‍ॅसिड निघतं. तिथल्या अस्तराच्या पेशी सुमारे ७० टक्के एनर्जी यावरच काढतात, आणि त्या टी-रेग पेशी वाढायलाही हेच लागतं. आता गंमत अशी की दह्यातले किंवा बहुतेक कॅप्सूलमधले लॅक्टोबॅसिलस ब्युटिरेट बनवतच नाहीत! ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात, ते तिथं आधीपासून राहणारे दुसरे बॅक्टेरिया खातात आणि ब्युटिरेट बनवतात. म्हणजे पाहुण्यानं आणलेल्या शिध्यावर घरच्यांनी स्वयंपाक करायचा. घरचेच कमी झाले असतील तर नुसता पाहुणा काय करणार? फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा असाच एक घरचा, क्रोन्स, म्हणजे कोलायटिससारखाच आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, त्याच्या पेशंटमध्ये तो कमी असतो असं फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, पण त्याला हवा लागली की मरतो, म्हणून त्याची कॅप्सूल करणं अवघड.

कोलायटिसमध्ये ज्याचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे त्याचं नाव ऐकून मला धक्काच बसला होता. ई. कोलाय! आमच्या लॅबमध्ये कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे ई. कोलायसारखे जंतू, त्यांच्या प्लेटवर लाल ठिपके दिसले की पूर्ण बॅचवर प्रश्नचिन्ह, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि इथं तोच औषध म्हणून देतात. ही जात वेगळी, ई. कोलाय निसल १९१७. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकाच्या विष्ठेतून ती काढली, का तर बाकीच्यांना हगवण लागली आणि या पठ्ठ्याला काहीच झालं नाही. २००४ मध्ये ३२७ पेशंटची एक ट्रायल आली, वर्षभर निम्म्यांना ही जात आणि निम्म्यांना मेसालाझिन, म्हणजे कोलायटिसची नेहमीची सूज कमी करणारी गोळी. आजार उलटायचं प्रमाण सुमारे ३६ टक्के आणि ३४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण हे सगळे पेशंट आजार शांत असलेले होते, हे लोक सांगायचं विसरतात. शिवाय हीच जात कोलिबॅक्टिन नावाचं डीएनएला इजा करणारं रसायनही बनवू शकते, त्यामुळं तिच्याबद्दल संशोधकांत वाद आहेच.

आता माझा शहाणपणा ऐका. दोन वर्षं काही त्रास नव्हता, मग मी कुणाला न विचारता मेसालाझिन बंद केलं आणि एका साध्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर आले, वर सासूबाईंचं ताक दोन वेळा. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई मी, मला वाटलं मला कळतंय. तिसऱ्या महिन्यात दिवसाला बारा-चौदा वेळा बाथरूम, रक्त, आणि शेवटी स्टेरॉइड. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त कॅप्सूलची स्ट्रिप उलटी करून म्हणाले, यात कुठली जात आहे वाचा बरं. नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहिलेलं, पुढं जातीचं नाव नाही नि काही नाही. एका जातीचा गुण दुसऱ्या जातीला लागू होत नाही, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर पानभर लिहिलं असतं!

दह्याचं म्हणाल तर मी घरचं दही मेथिलीन ब्लू लावून स्लाइडवर बघितलंय, गोल दाण्यांच्या माळा आणि मध्ये मध्ये काड्या, भरगच्च. पण आपलं विरजण शेजारणीकडनं आलेलं, त्यात कोणकोण आहे आणि किती आहे याचा हिशोब नाही, आणि त्यातले बरेचसे आतड्यात वस्तीला राहत नाहीत, येतात नि जातात. अन्न म्हणून उत्तम, भावाला सोसत असेल तर खुशाल खाऊ दे. औषध म्हणून मोजू नका. अमेरिकेच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२० मध्ये कोलायटिस आणि क्रोन्ससाठी प्रोबायोटिक फक्त ट्रायलमध्येच द्या असं सांगितलंय.

आणि चांगले बॅक्टेरिया आहेत, नुकसान काय होणार, असंही नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला जोरदार सूज आलेल्या सुमारे ३०० पेशंटवर ट्रायल झाली, २००८ ची. प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. आजार वेगळा आहे, पण पेशंट खूप आजारी असेल, ॲडमिट असेल किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतील तर कॅप्सूल विचारल्याशिवाय सुरू करू नका.

भावाला सध्या रक्त पडतंय का आणि कुठली गोळी चालू आहे ते खाली लिहा, माझ्या त्या वेळच्या खाण्याचं काय चाललं काय नाही ते सांगते.