कॉलेजात शिकत असताना मुंबईत खेळांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय कसा सुरू करावा?

तुम्ही विचारले आहे की, मुंबईत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत असताना, हाती एक साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स एवढेच साहित्य असताना, खेळांच्या छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करता येईल का, पहिले काम कोण देईल आणि पैसे किती मागावेत. मी याच वयात, माटुंग्याच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला असताना हे काम सुरू केले आणि आज नऊ वर्षांनंतर माझा चरितार्थ त्यावरच चालतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्यवसाय नक्की सुरू करता येतो. मात्र तुमचे पहिले ग्राहक कोण, हे आधी मनाशी पक्के करा. ज्या खेळाडूचा खेळतानाचा एकही चांगला फोटो आजवर कोणी काढलेला नाही तो खेळाडू, त्याचे आईवडील, त्याचे प्रशिक्षक आणि त्याचे मंडळ, हेच तुमचे ग्राहक आहेत. वानखेडेवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी सीमारेषेपाशी बसण्याचे प्रवेशपत्र वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्या छायाचित्रकारांना मिळते, आणि तिकीट काढून गेलात तर मोठी लेन्स प्रवेशद्वारावरच अडवली जाते. त्या प्रयत्नात मी पहिले सहा महिने घालवले, ते तुम्ही घालवू नयेत असे मला मनापासून वाटते.

मला पहिले खरे काम मिळाले ते प्रभादेवीतल्या एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेमुळे. जानेवारीची रात्र होती, पटांगणात मॅट अंथरलेली होती आणि चारी बाजूंना बांबूंवर दिवे बांधलेले होते. घोट्याला पांढरी पट्टी बांधलेल्या एका मुलाने चढाईत बोनस रेषेपलीकडे (तिथे एक पाय टेकवून मागचा उचललेला असला तर जादा गुण मिळतो) पाय टाकला, त्या क्षणी मी बटण दाबले होते. सामना संपल्यावर घाम पुसत तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दादा, तो पायाचा फोटो आलाय का?" कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो मोठा करून दाखवला. अंगठा रेषेच्या पलीकडे टेकलेला होता आणि मागचा पाय वीतभर हवेत होता. पंचांनी गुण दिलाच होता, तरीही तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला की ते मी आजही विसरलेलो नाही. घरी पोहोचताच रात्री दोनला मी त्याला तो फोटो पाठवला, सकाळी त्याच्या संघातल्या बाराही जणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तो दिसत होता आणि आठवड्याभरात लालबागच्या एका मंडळाचा फोन आला. जाहिरातीवर मी त्या वर्षी एक रुपयाही खर्च केला नाही.

असे खेळाडू मुंबईत पावलोपावली आहेत. पावसाळ्यात १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा असते, पावसाळा सरल्यावर हॅरिस आणि गाइल्स ढालीचे शालेय क्रिकेट सामने असतात, हिवाळ्यापासून परळ, लालबाग, प्रभादेवी या भागांत कबड्डीच्या रात्री सुरू होतात, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या आधी धावणाऱ्यांचे गट मरीन ड्राइव्हवर पहाटे सराव करताना दिसतात. शालेय सामन्याला कमी लेखू नका. तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर झाली, ती शालेय सामन्यातच. २०१६ च्या जानेवारीत कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, तोही आंतरशालेय सामनाच होता आणि पहिल्या दिवसअखेर तो ६५२ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी त्या मैदानाकडे सगळ्यांचे लक्ष गेले, पण पहिल्या दिवशी सकाळी तिथे कॅमेरा घेऊन जाण्याचे कारण फक्त तुमच्यासारख्यालाच असू शकते.

आता कामाच्या गाभ्याविषयी. खेळाचे छायाचित्रण हे निम्मे तरी जागा निवडण्याचे काम आहे आणि जागा निवडण्यासाठी खेळ कळावा लागतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे, कोपऱ्यात, जमिनीलगत बसावे लागते. मात्र पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचा चेहरा नेमका उलट दिशेला असतो, आणि मध्यरेषेकडे ताणलेली ती बोटे हाच त्या खेळातला सर्वांत बोलका क्षण असतो. म्हणून पहिल्या डावात एका टोकाला आणि दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाला बसायचे, असे आधीच ठरवून ठेवावे. खो-खोमध्ये खांबाजवळ थांबावे, कारण खांबाभोवती वळून मारलेला सूर तिथूनच पूर्ण दिसतो. पण पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत आपला पाय किंवा बॅग येणार नाही एवढे अंतर ठेवलेच पाहिजे, नाहीतर पंच उठवतात आणि त्यांचे बरोबरच असते.

आझाद मैदानाची अडचण वेगळीच आहे. तिथे दोन डझनांच्या आसपास खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँग ऑनशेजारी उभा असतो. तुमच्या फलंदाजाच्या मागे, हेल्मेटला चिकटून, भलत्याच सामन्यातला एखादा क्षेत्ररक्षक पाठ करून उभा राहतो आणि फोटो वाया जातो. यावर उपाय म्हणजे गुडघ्यावर बसून किंवा चक्क पालथे पडून फोटो काढणे, म्हणजे मागची माणसे खाली जातात आणि फलंदाजामागे आकाश येते. ओव्हल मैदानावर त्या मानाने मोकळीक आहे, आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हात पूर्वेकडचा राजाबाई टॉवर पार्श्वभूमीला मिळाला, तर त्या फोटोला मुंबईचा पत्ता वेगळा लिहावा लागत नाही.

साहित्याच्या बाबतीत घाई करू नका. कॅमेरा आहे तोच पुरेल. पैसे घालायचेच असतील तर ८५ मिलिमीटर एफ १.८ लेन्समध्ये (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते) घाला, कारण पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर एवढेच असते आणि तेवढ्या अंतराला ती उत्तम पुरते. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात वापरलेल्या लेन्स मिळतात. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहा, आणि घेतल्यावर मुंबईच्या पावसाळ्यात तीच बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. क्रिकेटसाठी लागणारी ७०-२०० एफ २.८ विकत घेण्याचा विचारही आत्ता करू नका, ज्या दिवशी काम असेल त्या दिवशीच भाड्याने आणा.

रात्रीच्या दिव्यांविषयी मात्र नीट समजून घ्या, कारण माझ्या पहिल्या दोन स्पर्धांतले अर्धे फोटो त्यातच गेले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होत असतात. डोळ्यांना हे कळत नाही, पण कबड्डीसाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० भागावर ठेवला की एका मागोमाग काढलेल्या दहा फोटोंतले काही उजळ, काही काळपट आणि काही पिवळट येतात. कॅमेऱ्यात फ्लिकर, म्हणजे दिव्यांच्या या लुकलुकीचा परिणाम, कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करा. ती नसेल तर जास्त फोटो काढा, शटर १/५०० पर्यंत उतरवून पाहा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा म्हणजे रंग नंतर सुधारता येतात. मिररलेस कॅमेरा मिळाला तरी अशा दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

फोटो किती सुंदर आहेत याइतकेच ते किती वेळात पोहोचले आणि खाली नाव बरोबर आहे का, याला या व्यवसायात महत्त्व आहे. सामना सुरू होण्याआधी गुणलेखकाची परवानगी घेऊन दोन्ही संघांच्या यादीचा एक फोटो काढून ठेवायची सवय लावा, म्हणजे जर्सीच्या क्रमांकावरून नाव लगेच सापडते. आयोजकाला सामना संपल्यापासून तासाभरात पाच फोटो गेले पाहिजेत, कारण त्याला ते त्याच रात्री वर्तमानपत्रांना आणि देणगीदारांना पाठवायचे असतात. उरलेले दोन दिवसांत द्या, आणि निवडून द्या. चारशे फोटो एकदम दिले की त्यातला एकही कोणी नीट पाहत नाही.

पैशांचा हिशेब असा करा. मी सुरुवातीला एका संध्याकाळचे १,५०० रुपये घेत असे आणि ते मला पुष्कळ वाटत. पुढे लक्षात आले की सहा तास मैदानावर आणि चार तास संगणकासमोर, असे ते दहा तासांचे काम होते. त्यातून लेन्सचे भाडे ५०० आणि रात्रीच्या टॅक्सीचे ३०० वजा केले तर ताशी ७० रुपये हाती पडत होते. म्हणून दर सांगताना खर्च वेगळा आणि मेहनताना वेगळा लिहून द्या. मंडळाकडे पैसे खरोखरच कमी असतील तर दर उतरवण्याऐवजी फोटोंची संख्या किंवा तास कमी करा. पालकांना एकेक फोटो विकायचा असेल तर फाइलसोबत छापील प्रतही द्या, कारण आजीआजोबांना भिंतीवर लावायला ती हवी असते.

व्यवहार नेहमी लेखी ठेवा. दुसऱ्या वर्षी एका आयोजकासाठी मी तीन दिवस फुटबॉलचे सामने टिपले, बोलणी सगळी तोंडी झाली होती, आणि पैसे तर मिळालेच नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांच्या फ्लेक्सवर माझेच फोटो नावाशिवाय झळकताना मी पाहिले. वकिलाकडे गेलो तेव्हा कळले की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा ठरतो. तेव्हा फोटोंचा हक्क माझ्याकडे राहील, आयोजकाने ते या स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापरावेत, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली फोटो देताना, ही चार वाक्ये ईमेलवर पाठवून समोरच्याचे "मान्य" असे उत्तर आल्याशिवाय मी आता कॅमेरा बॅगेत भरत नाही. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून "अनुभव मिळेल" असे सांगून फुकट काम मागणारे भेटतील. स्वतःहून विनामूल्य फोटो काढणे आणि दुसऱ्याने ते गृहीत धरणे यांत मोठा फरक आहे, आणि तो तिथल्या तिथे नम्रपणे बोलून दाखवावा.

शाळकरी मुलामुलींचे फोटो असतील तर शाळेची आणि पालकांची परवानगी घेतल्याशिवाय ते इन्स्टाग्रामवर टाकू नका. जिम्नॅस्टिक्स, जलतरण आणि मल्लखांब या खेळांत तर कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता जागीच पुसून टाकायचा, हे मुलीच्या आईने तो पाहिला तर तिला काय वाटेल असा विचार करून ठरवा. हा विश्वास एकदा गेला की त्या मैदानाचे दार कायमचे बंद होते.

कागदपत्रांचे फारसे ओझे नाही. पॅन कार्ड आणि वेगळे बँक खाते असू द्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढाल ही आहे, त्यामुळे तूर्त तो प्रश्न येत नाही. एखाद्या कंपनीने पैसे देताना कर कापला तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. परीक्षा आणि हंगाम एकमेकांवर येतात, म्हणून वर्गातल्या एखाद्या मित्राला सोबत तयार करा आणि आपण स्वीकारलेले काम गरज पडल्यास त्याच्याकडे सोपवता येईल अशी व्यवस्था ठेवा.

राहिला तुमच्या किट लेन्सचा प्रश्न. तिने सीमारेषेवरून क्रिकेट साधणार नाही, पण शिवाजी पार्कला मल्लखांबाचा सराव चालतो तिथे ती चांगली चालेल, कारण तिथे परवानगी मिळाली तर खांबापासून चार पावलांवर उभे राहता येते आणि खेळाडू अवघड पकडीत दोनतीन सेकंद स्थिर राहतो, त्यामुळे कमी उजेडातही वेळ मिळतो. प्रशिक्षकांना आदल्या दिवशी भेटून विचारा. पहिल्या दिवशी तासभर कॅमेरा बाहेर काढू नका, कोण कोणती उडी घेतो आणि कोणत्या पकडीवर थांबतो ते नुसते पाहा. दुसऱ्या दिवशी वीस फोटो काढा, त्यातले चांगले सहा निवडून प्रशिक्षकांनाच पाठवा, आणि ते त्यांनी पालकांच्या गटावर टाकायचे की नाही हे त्यांच्यावर सोडा.